रंग उतरवणारी कॅप्सूल

ते प्रकरण अजूनही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, अपहरणाच्या मागे चार-चार दिवस पायांतले बूट न काढता फिरलो. त्यांतलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे सांगायला जुन्या सहकाऱ्यांना फोन करावा लागतो. हे मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि गंमत म्हणजे यात कोणाला अटकसुद्धा झाली नाही.

मी तेव्हा सुरतेत, गोडादऱ्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. वडील खानदेशातून इथल्या मिलमध्ये कामाला आले. मी इथेच वाढलो, गुजरात पोलिसात लागलो. ठाण्याचं कामकाज गुजरातीत, दमदाटी हिंदीत, आणि येणारे निम्मे लोक मात्र आमच्याकडचे. त्यामुळे पुढच्या टेबलावर कोणी अहिराणीत बोलायला लागलं की माझे कान आपोआप तिकडे जायचे.

त्या सकाळी तसंच झालं. नवागामची एक बाई हातात लिहून आणलेला अर्ज घेऊन उभी होती आणि ठाणे अंमलदार जमादार तिला समजावत होते, "बेन, तुमचा नवरा स्वतःच्या मर्जीने औषध घेत नाही, त्यात आम्ही गुन्हा कोणावर नोंदवायचा?" जमादारांचं चुकत नव्हतं. बाई जागची हलत नव्हती. मी तिला आत बोलावलं.

"काय व्हयनं, बाई?" मी विचारलं.

आपली भाषा ऐकली आणि तिचा बांध फुटला. नवरा रंगाई मिलमध्ये जेट मशीनवर कामाला. त्याला टीबी निघाला. सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू झाल्या, दोन महिने घेतल्या, खोकला कमी झाला, अंगावर थोडं मांस आलं. मग मिलच्या लोकांबरोबर तो कुठल्या तरी मीटिंगला गेला आणि येताना कॅप्सूलची बाटली घेऊन आला. "तवयपाइन त्यास्नी गोया बंद करी टाक्यात," ती म्हणाली. "आते खोकलामा परत रगत पडस. साहेब, त्या कॅप्सूलवालाले धरा. नही त त्यास्ना जीव जाई."

मी तिचा अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि तपास स्वतःकडे ठेवला. खरं सांगायचं तर मला कुतूहल वाटलं. त्याचं कारण माझ्याच घरात होतं. माझी बायको मला गेलं वर्षभर रोज सकाळी असलीच एक अँटिऑक्सिडंट कॅप्सूल देत होती. तिच्या भावाने आणून दिली होती, बाटलीवर द्राक्षांचं आणि आवळ्याचं चित्र होतं. मला बरंही वाटत होतं. आता ते कॅप्सूलमुळे, की तिने त्याच्याबरोबर माझा चार वेळचा चहा बंद करून मला रोज चालायला पिटाळलं त्यामुळे, याचा तपास मी कधी केला नव्हता. घरच्या प्रकरणात पोलीस जरा ढिलेच असतात.

आमच्या एका बातमीदाराने दोन दिवसांत पत्ता काढून दिला. मिलच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला एका सोसायटीच्या सभागृहात 'आरोग्य मीटिंग' भरायची. मी साध्या कपड्यांत जाऊन मागच्या रांगेत बसलो. साठ-सत्तर माणसं होती, बहुतेक लूम आणि रंगाईतली. बोलणारा चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, आवाजात गोडवा. मूळचा जालन्याकडचा, पण लहानपणापासून सुरतेत. आधी कतारगामला हिरे घासायचा, मंदीत कारखाना बंद पडला तेव्हापासून हे काम.

"सायकल पावसात ठेवली तर काय होतं?" त्याने विचारलं.

"गंजते," सगळे म्हणाले.

"कापलेलं सफरचंद काळं का पडतं? तेच कारण. हवेतला ऑक्सिजन. आपण श्वास घेतो, म्हणजे आपणही आतून गंजतो. त्या गंजाला थांबवतं ते अँटिऑक्सिडंट."

मग त्याने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि जखमेवर लावतात त्या टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले. पाणी गडद तपकिरी झालं. "हे तुमचं रक्त," तो म्हणाला. कॅप्सूल उघडून पूड टाकली, चमच्याने ढवळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी नितळ झालं. सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. सगळे ग्लासाकडे नुसते बघत राहिले. मीही बघत राहिलो. तीस वर्षं खिसेकापूंच्या हातचलाख्या पाहिलेला माणूस मी, पण त्या ग्लासात मला काही खोट दिसेना. घरी जाऊन आपली बाटली तपासावी असंसुद्धा मनात येऊन गेलं.

पुढचं काम नेहमीच्या पद्धतीने झालं. अन्न आणि औषध विभागाला पत्र दिलं, त्यांचे निरीक्षक आले, पंचांसमक्ष बाटल्या ताब्यात घेतल्या, नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. त्या माणसाला चौकशीसाठी बोलावलं.

चौकशीच्या खोलीत माणूस कसा बसतो यावरून पुष्कळ कळतं. लबाड माणूस एक तर फार ऐसपैस बसतो नाही तर अगदी खुर्चीच्या कडेवर. हा नीट बसला आणि म्हणाला, "साहेब, पाणी मिळेल का? माझी कॅप्सूलची वेळ झाली." खिशातून डबी काढून त्याने माझ्यासमोर एक गिळली.

"तू टीबीच्या पेशंटला गोळ्या बंद करायला सांगितल्यास?"

"सोगंद खाऊन सांगतो साहेब, नाय. मी कोणाला दवा बंद कर बोलतच नाय. मेन बात काय, बाटलीवरच लिहिलंय ना, ही दवा नाय म्हणून."

"मग त्याने का सोडल्या?"

"मला काय खबर? तो मीटिंगमध्ये कधी काय विचारत पण नव्हता. ग्लासाजवळ येऊन उभा राहायचा फक्त. दर वेळी. अगदी जवळ येऊन बघायचा."

दोन तास मी त्याला आडवं-उभं विचारलं. एकच प्रश्न चार तऱ्हांनी फिरवून टाकला. उत्तर बदललं नाही. त्याची आई, बायको, तो स्वतः, सगळे त्या कॅप्सूल घेत होते. हिऱ्याच्या धुळीचा त्याचा जुना खोकला त्यामुळेच गेला, असं तो शपथेवर सांगत होता. हिरे घासायची घंटी सोडली तेव्हा धूळही सुटली, हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. फसवणारा माणूस पकडायला मला शिकवलं होतं. स्वतःच फसलेल्या माणसाचं काय करायचं हे कोणत्याही प्रशिक्षणात नव्हतं. सही घेऊन त्याला जाऊ दिलं.

ग्लास मात्र मला स्वस्थ बसू देईना. शेवटी मी शिपायाला पाठवून औषधाच्या दुकानातून टिंक्चर आणवलं आणि माझ्याच टेबलावर ग्लास मांडले. एकात लिंबू पिळलं. पाणी नितळ झालं. दुसऱ्यात आवळ्याचा रस घातला, तेही झालं. तिसऱ्यात व्हिटॅमिन सीची साधी गोळी चुरून टाकली, तेही झालं. ठाण्यातले लोक दाराआडून बघत होते. साहेब निवृत्तीनंतरच्या धंद्याची तयारी करतायत, असं जमादार कुजबुजल्याचं मला नंतर कळलं.

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना पास. आवळा, द्राक्षाच्या बियांचा अर्क, व्हिटॅमिन सी, सगळं लेबलवर लिहिल्याप्रमाणे. अपायकारक काही नाही. थोडक्यात, मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

अहवाल टेबलावर असतानाच ती बाई पुन्हा आली. या वेळी रडली नाही, अर्जही आणला नव्हता. "साहेब, त्या आते जिना चढतस नही," एवढंच म्हणाली. "पोर मामाकडे धाडी दिन्ही." मुलीला आजार लागू नये म्हणून तिने तिला मामाच्या घरी ठेवलं होतं. मी टोपी उचलली आणि तिच्याबरोबरच निघालो.

नवागामची ती खोली दहा बाय दहाची. खाटेवर माणूस उशीला टेकून बसला होता. वय पस्तीसचं, दिसायला पन्नासचा. नखांच्या कडा निळसर, रंगाईत काम करणाऱ्यांच्या असतात तशा. पोलीस बघून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि खोकल्याची उबळ आली. बायकोने फडकं पुढे धरलं.

गोळ्यांचा विषय काढला असता तर तो गप्प बसला असता. आधी सासरे येऊन बोलून गेले होते, मिलचा मुकादम बोलला होता. माझा तिरसट स्वभाव मला 'मरायचंय का तुला?' असं विचारायला सांगत होता. पण जबाब घेण्याची एक जुनी सवय कामी आली. माणूस बंद असला की त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावं. कामाबद्दल सगळे बोलतात.

"जेटवर काय करतोस रे भाऊ?" मी विचारलं. "मला रंगाईतलं काही कळत नाही."

तो हळूहळू खुलला. पॉलिएस्टरचा तागा मशीनमध्ये कसा फिरतो, रंग कधी चढतो, वाफ किती लागते. मग म्हणाला, कपड्यावर रंग चढला तरी जादा रंग वर बसून राहतो, हाताला लागतो. तो काढायला हायड्रो आणि कॉस्टिकचा वॉश द्यावा लागतो. हायड्रो म्हणजे एक पांढरी, सडक्या अंड्यासारख्या वासाची पूड. "हायड्रो पडना का रंग चालना जास. पानी साफ," तो म्हणाला. बोलताना त्याचे डोळे पहिल्यांदा चमकले.

"त्या मीटिंगच्या ग्लासासारखं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे बघून जरा ओशाळला, आणि ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळल्यावर हळू आवाजात बोलला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या त्या पहिल्याच दिवशी त्याची लघवी लाल-केशरी झाली होती. दोन महिने रोज तशीच. घामाचे डाग सुद्धा बनियनला केशरी. वीस वर्षं रंगात काढलेला माणूस. त्याच्या लेखी प्रकार सरळ होता. गोळ्यांमधला रंग अंगात चढत होता. मिलमध्ये तर हा रंग तोंडात गेला तर मराल, असं रोज सांगतात.

"मंग कॅप्सूल खादी. गोया बंद कऱ्यात," तो म्हणाला. "दोन दिनमा पानीनामायेक साफ. मी सोता देखं साहेब. सोता."

दोन दिवसांत लघवी पाण्यासारखी साफ झाली, आणि हे त्याने स्वतः पाहिलं होतं. मी त्याला एवढंच विचारलं, "कॅप्सूल सुरू केली तो दिवस आणि गोळ्या बंद केल्या तो दिवस, एकच का?"

"एकच."

मी तिथून तडक टीबी केंद्रात गेलो. तिथल्या आरोग्यसेविका ताईंना विचारलं, गोळ्यांनी लघवी लाल होते का? त्या सहज म्हणाल्या, "होते ना साहेब, सगळ्यांना होते. त्यातल्या एका औषधाचा रंगच तसा आहे. उलट पेशंटने गोळी घेतली की नाही हे आम्ही त्यावरूनही ओळखतो."

"त्याला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं की. रंग येईल, घाबरू नका म्हणून." त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. "का येईल ते नव्हतं सांगितलं. रोजचे इतके पेशंट असतात साहेब."

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या कोणालाही तेवढं पुरलं असतं. रंगाईच्या माणसाला पुरलं नाही. आतल्या खोलीतल्या डॉक्टरांना मी माझ्या कॅप्सूलबद्दलही विचारून घेतलं. ते हसले. शरीराला या गोष्टी लागतात, पण ताटात पेरू, आवळा, हिरवी भाजी असेल तर बहुतेकांचं भागतं, म्हणाले. कॅप्सूल घेतलीत तर सहसा बिघडणार नाही, पण तिने टीबीचा एक जंतूही मरणार नाही. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, "त्याला लवकर आणा. औषध मध्येच सोडलं की जंतू निर्ढावतात."

आता प्रश्न होता त्याला पटवायचं कसं. त्याने जे स्वतः पाहिलं होतं, ते माझ्या वर्दीने कसं पुसलं जाणार? म्हणून मी कॅप्सूलवाल्याला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. त्याचा चेहरा खुलला. मग त्याला बाईच्या नवऱ्याची सगळी हकीकत सांगितली, तसा तो खुर्चीत मागे टेकला. "साहेब, मला कोणी बोललं पण नाय," एवढंच पुटपुटला. "तुझा ग्लास घे आणि चल," मी म्हटलं. मिलच्या स्टोअरकीपरकडून मी हायड्रोची छोटी पुडी आधीच मागवून ठेवली होती.

त्या दहा बाय दहाच्या खोलीत दारं-खिडक्या उघडून आम्ही दोन ग्लास मांडले. दोन्हींत टिंक्चर. कॅप्सूलवाल्याने एकात नेहमीसारखी पूड टाकली. पाणी साफ झालं. खाटेवरचा माणूस ओळखीचं हसला. दुसऱ्या ग्लासात मी लांबूनच चिमूटभर हायड्रो टाकला. ढवळावंही लागलं नाही, पाणी क्षणात काचेसारखं झालं. वास खोलीभर पसरला.

"हे ओळखलंस?" मी विचारलं.

"हायड्रो," तो म्हणाला.

"पाणी जास्त साफ कशाने झालं?"

"हायड्रोनी."

"मग पिशील?"

तो दोन्ही ग्लासांकडे आळीपाळीने बघत राहिला. पाणी साफ होणं वेगळं आणि माणूस बरा होणं वेगळं, हे त्याचं त्याला दिसत होतं. मग मी ताईंनी सांगितलेलं सांगितलं. तो केशरी रंग म्हणजे औषध अंगात पोचल्याची पावती आहे. तुझी लघवी साफ झाली कारण औषध आत जायचं थांबलं. कॅप्सूलने काही उतरवलं नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो कॅप्सूलवाल्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत त्याने मानलं असेल तर त्या एका माणसाचं. कॅप्सूलवाल्याने उशाशी ठेवलेली बाटली उचलून स्वतःच्या खिशात घातली आणि म्हणाला, "भाऊ, माझं हे खाऊन तू बरा नाय होणार. गोळ्या घे. चल, मी येतो तुझ्यासंगती." त्याच दुपारी त्याने रिक्षा आणली, आजाऱ्याला पाठीवर घेऊन जिना उतरवला आणि केंद्रात नेलं.

तिथे थुंकी पुन्हा तपासली, एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी औषध नव्याने सुरू केलं. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मुलगी सुखरूप निघाली. नशीब एवढंच की जंतू अजून औषधाला दाद देत होते.

तीन दिवसांनी ती बाई ठाण्यात आली. गर्दीची वेळ होती, वाहन चोरीचे दोन तक्रारदार, एक भांडणाचं प्रकरण, पासपोर्टच्या चौकशीला आलेली पोरं. ती दारातूनच म्हणाली, "साहेब, रंग ऊना."

जमादारांना काही कळलं नाही. "कसला रंग आला, बेन?"

"त्यास्नी लघवी लाल व्हयनी," तिने सगळ्या ठाण्यासमोर, अजिबात न लाजता सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला भरून आलं. मी एक फाईल उघडून तोंडासमोर धरली.

तो वाचला. कॅप्सूलवाला अजून तोच धंदा करतो, पण मीटिंगच्या सुरुवातीलाच डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका असं सांगतो, असं माझ्या कानावर आलं. माझ्या बायकोने माझी कॅप्सूल बंद केली नाही, मीही तिला काही म्हटलं नाही. फिरणंही चालू आहे.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. साक्षीदार पाहिलेलं सांगतो ते बहुतेक वेळा खरं असतं. ते कशामुळे झालं हे सांगताना तो चुकतो, आणि ती चूक त्याच्या रोजच्या कामातून, त्याच्या हातांतून आलेली असते. म्हणून 'काय केलंस' याच्या आधी 'काय पाहिलंस' हे विचारावं. उरलेली नोकरी मी तसं विचारत राहिलो.

पण स्वतःच्या पाठीवर थाप मारून घ्यावी असं मला वाटत नाही. त्या माणसाचा दम कायमचा गेला. जेट मशीनवर तो परत उभा राहू शकला नाही, आता एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो. डॉक्टर म्हणाले होते, थोडा आधी आला असता तर डावं फुप्फुस एवढं खराब झालं नसतं. बाईने अर्ज दिला त्या दिवसापासून तीन आठवडे मी बाटल्या, सील, पत्रं आणि अहवाल यांच्या मागे होतो. त्या तीन आठवड्यांत मी तिच्या नवऱ्याला एकदाही भेटायला गेलो नव्हतो. त्याची खोली ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर होती.